मुकी सासू आणि इंग्लिश नटी

दुबईच्या ‘बर दुबई’ भागातल्या एका सर्व्हिस अपार्टमेंटच्या रिसेप्शनवर मी काम करते. तिथे एका हिवाळ्यात एक इंग्लिश बाई राहायला आल्या. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ आणि डोळे घारे. मुलगा अबू धाबीच्याही पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनियर. त्याच्याकडे आठवडाभर राहून कंटाळल्या आणि दुबईला आल्या. "तिथे सगळं आहे," त्या मला म्हणाल्या, "फक्त थिएटर नाही."

बाई नटी होत्या हे मला तेव्हा कळलं. मी वसईत चर्चच्या नाटकांत वाढलेली, त्यामुळे लगेच विचारलं, "मॅडम, तुम्ही फेमस आहात?"

"माझा चेहरा फेमस आहे. नाव कुणाला आठवत नाही."

मग रोज दुपारी, लॉबी रिकामी असली की, त्या सोफ्यावर बसून सांगायच्या. अठराव्या वर्षी एका गावातल्या नाटक कंपनीत शिरल्या. कंपनी दर आठवड्याला नवं नाटक लावायची, आणि बाई प्रत्येकात मोलकरीण. चहाचा ट्रे आणायचा, पडदे सारायचे, जायचं. पुढे लंडनच्या रंगभूमीवर मोठ्या भूमिका मिळाल्या. पहिल्या सिनेमात मात्र त्यांचा खून झाला, तोही पडद्यावर नावं यायच्या आधी! मग टीव्हीवर एक मालिका आली आणि तिच्यात त्या कित्येक वर्षं नर्स होत्या. भाजी घेताना अनोळखी माणसं पँट वर करून सुजलेला गुडघा दाखवायची. "मी पण सल्ला द्यायचे," बाई हसून म्हणाल्या, "बर्फ लावा!"

पन्नाशीनंतर फोन वाजायचा बंद झाला. तरुण बायकोच्या भूमिका संपल्या होत्या आणि आजीच्या भूमिकेला त्या अजून म्हाताऱ्या दिसत नव्हत्या. ती वर्षं त्यांनी मैत्रिणीच्या कॅफेत सँडविच करून काढली. केस पांढरे झाल्यावर भुतं आणि आज्या मिळू लागल्या, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याही थांबल्या.

आमच्या मराठी मंडळींची एकांकिका तेव्हा बसत होती. दिग्दर्शक रत्नागिरीचे, खाडीपलीकडच्या देरा भागात मसाल्याचे व्यापारी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या दुकानावरच्या ऑफिसात शनिवारी तालीम असायची. एका शनिवारी मी बाईंना अब्रात, म्हणजे इथल्या लाकडी होडीत बसवून, खाडी ओलांडून तिकडे घेऊन गेले.

पोचलो तर चाचा डोक्याला हात लावून बसलेले. सासूचं काम करणाऱ्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी अचानक पुण्याला गेल्या होत्या. "खलास!" चाचा म्हणाले. "आता काय, नाटक कॅन्सल."

बाईंनी मला विचारलं, "या सासूला संवाद किती?"

"एकही नाही. ती रुसलीय. पूर्ण नाटकभर मौन."

बाईंनी काय विचारलं हे मी चाचांना सांगेपर्यंत बाई सासूच्या खुर्चीत जाऊन बसल्याही होत्या.

नाटकात मी सून होते. बाईंनी माझ्याकडून प्रत्येकाच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ समजून घेतला. दुसऱ्याच तालमीला मला म्हणाल्या, "तू बोलतेस छान. पण ऐकत नाहीस." मला राग आला. मराठीचा एक शब्द कळत नाही आणि मला शिकवतायत! पण पुढच्या वेळी बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं. माझं वाक्य त्यांना लागत होतं. जबडा आवळला जात होता, बोटं तालमीपुरत्या घेतलेल्या पदराला पीळ देत होती. मग मला घाईघाईने बोलताच येईना, आणि चाचा पहिल्यांदा म्हणाले, "आता जमलं!"

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बाई नऊवारीत, नाकात नथ. सगळं झकास चाललं होतं आणि मधेच मी ब्लँक झाले. पुढचं वाक्यच आठवेना. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मग सावकाश उठल्या, पानाचा डबा माझ्यापुढे दाणकन आपटला आणि ओरडल्या, "यल्ला!"

दुबईत उठता-बसता कानावर पडणारं हे अरबी ‘चला, आटपा!’ ऐकून हॉल हास्याने फुटला. बाईंनी, मौन मोडलं म्हणून, झटकन तोंडावर हात दाबला आणि चोरट्या नजरेने सेटवरच्या देव्हाऱ्याकडे पाहिलं. त्यावर टाळ्या पडल्या. त्या गोंगाटात माझं वाक्य मला सापडलं.

नाटकानंतर आत आलेल्या एका काकूंनी बाईंना मराठीतच विचारलं, "तुम्ही कोकणस्थ ना? घारे डोळे बघून वाटलंच. माहेर कुठलं?" मी हसत हसत भाषांतर केलं. बाईंनी अदबीने वाकून नमस्कार केला आणि पुन्हा मौन धरलं. काकू समाधानाने गेल्या.

माझी मुलगी धावत आली. "ममा, शी वॉज सो मच बेटर दॅन यू!"

"खरंय," मी म्हटलं.

नथ काढता काढता मात्र बाई थांबल्या. "इतक्या वर्षांनी उभी राहिले," त्या म्हणाल्या. "पडदा उघडायच्या आधी पळून जावंसं वाटत होतं." मी त्यांची नथ हलकेच सोडवली.

उन्हाळ्यात त्या मायदेशी गेल्या आणि स्वतःहून एजंटला फोन करून काम मागितलं. आता एका नाटकात त्या न्यायाधीश आहेत. परवा त्यांचा व्हॉइस मेसेज आला. सहकलाकार सगळे पोरगेलेसे आहेत, मध्यंतरात नुसते फोन बघतात, आणि चहा कुणालाच करता येत नाही, अशी लांबलचक तक्रार होती. आवाज इतका खूश होता की मी रिसेप्शनवर उभ्या उभ्या तो दोनदा ऐकला.