भाताच्या वावरातली जपानी कॅसेट

मी कॅसेट खराब केली नाही. ती आधीच खराब होती, अशी माझी खात्री होती. आणि ती खात्री मी रीतसर वाजवून करून घेतली होती.

कॅसेट माझ्या धाकट्या दिरांची. सुदामभाऊजी उरवड्याच्या कारखान्यात फिटर आहेत आणि परदेशी कॅसेटी जमवतात. त्याही साध्या गाण्यांच्या नाहीत, यंत्रांवर वाजवलेल्या संगीताच्या! एकच अल्बम जपानात निघाला तर कागद वेगळा, पोलंडमध्ये निघाला तर आवाजसुद्धा जरा वेगळा. जपानी अक्षर एक वाचता येत नाही, पण नुसत्या स्क्रूंवरून कॅसेट कुठली ते हा माणूस ओळखतो. (मला अजून घरातल्या डब्यांची झाकणं ओळखू येत नाहीत.)

गेल्या वर्षी भरे गावातल्या आमच्या वावरात इंद्रायणी भात पिकायला आला आणि पाखरांचे थवे उतरले. त्यावर सोपा उपाय म्हणजे खुंट्यांना कॅसेटचं रीळ ताणून बांधायचं. वाऱ्यावर ते गुणगुणतं, उन्हात चमकतं, पाखरं पळतात.

"माळ्यावरची एखादी खराब घ्या," असं सांगून भाऊजी ड्यूटीवर गेले.

मी काटेकोर बाई. प्रत्येक कॅसेट लावून पाहिली. भजनं ठणठणीत, लावण्या ठणठणीत. टेपशेजारी एक पडली होती, तीही लावली. गुंऽऽ... टक टक... खर्रर्र... गुंऽऽ. पाच मिनिटं थांबले, गाणारा काही उगवला नाही. सापडली खराब! रीळ ओढलं आणि अर्धं वावर बांधून काढलं.

संध्याकाळी भाऊजी बांधावर आले. "लई भारी, वहिनी! एक पाखरू न्हाई!"

मग त्यांनी पायाशी पडलेली रिकामी कॅसेट उचलली. वर जपानी अक्षरं.

"वहिनी... ही?"

"खराब हुती. वाजवून बघितली मी."

"ती तशीच वाजती ओ!"

रविवारी जांबे गावचे बॅनर्जीसाहेब येणार होते, तेही भाऊजींसारखेच कॅसेटी जमवणारे. ते ही जपानी घेणार आणि बदल्यात पोलंडची देणार. ती पोलंडची भाऊजी सहा वर्षं शोधत होते!

आता बोलणी खायची, म्हणून मी पदर खोचला. भाऊजींनी एवढंच विचारलं, "कुठल्या खुंटीपास्नं सुरवात केली?"

तिथे मी माणूस ओळखला. चार दिवस ते ड्यूटीवरून येऊन गाठी सोडवत होते. (म्हशीच्या दाव्याला मारते तशा मारल्या होत्या मी!) मऊ फडक्याने चिखल पुसायचा, पेन्सिलीवर गुंडाळायचं, तुटलं तिथे जोडायचं. एकदाही तोंडातून वाकडा शब्द नाही. शेवटी अडीच हात रीळ कमी भरलं. ते शेजारच्या शेळीच्या पोटात होतं.

"तेवढं कोरं जोडू," भाऊजी म्हणाले.

मी धावत जाऊन एक कॅसेट आणली. "ही घ्या. कोरी हाय."

(मी ती वाजवून पाहिली नव्हती. वाजवून पाहिल्यावर काय होतं, ते एकदा झालंच होतं!)

रविवारी भाऊजींनी चहाच्या आधीच साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं. तरी साहेबांनी कॅसेट लावली, डोळे मिटले. गुंऽऽ... टक टक... गुंऽऽ... आणि मध्येच तेवीस वर्षांपूर्वीची नवरी मी: "अगं बाई, उखाणा विसरले! आता काय घेऊ?" मागे अख्ख्या मांडवाचा हशा.

साहेब दचकले. "ये कौनसी आर्टिस्ट है?"

"आमच्या वहिनी हायेत," भाऊजी खाली मान घालून म्हणाले.

साहेब पोट धरधरून हसले. मग पिशवीतून पोलंडची काढून त्यांनी भाऊजींच्या हातात ठेवली. "खेत में से उठाके बजा दिया! सुदामजी, ये आप ही के पास होनी चाहिए." माझ्याकडे पाहून पुढे म्हणाले, "लेकिन ताले में."

घरात कुलपाचं कपाट एकच, माझ्या लग्नातलं. त्यात आता वर पोलंड, खाली माझ्या साड्या आणि किल्ली भाऊजींच्या करदोट्याला! परवा पौडला लग्नाला जायचं होतं, तर मी सकाळी सकाळी उरवड्याला कारखान्याच्या गेटवर उभी.

वॉचमनने विचारलं, "कुनाकडं काम हाय?"

म्हटलं, "दिराकडं. साडी पाहिजे."