विंगेतला उजेड

तुम्ही बोलायला लागलात की मामांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ, आणि तेही तुमच्या अर्धा शब्द पुढे. तुम्ही म्हणणार, "मामा, आज थंडी मोठी..." तोवर "पडून राहिली" त्यांच्या ओठांवर येऊन बसलेलं असायचं. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा आपली टिंगल करतो आहे.

टिंगल कसली! धंद्याची खोड होती ती. मामा आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं नाटक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे काम समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघर पाहुणे येतात आणि रात्री नाटक लागतं, ते उजाडेपर्यंत चालतं. आज पवनीकडे, उद्या साकोलीकडे, परवा पार नाकाडोंगरीला. एवढ्या धावपळीत नटांना पाठांतराला वेळ कुठला? विंगेत बसलेला माणूस वाक्य हळू म्हणतो, नट तेच ऐकून मोठ्यानं म्हणतो. एका रात्रीत सगळं नाटक दोनदा होतं. त्यातलं हळू होणारं नाटक मामांचं.

मी त्याच कंपनीत ऑर्गन वाजवतो आणि दिवसा पवनीत स्टँडजवळ मोबाईलचं दुकान चालवतो. म्हणजे सीझनभर रात्री स्टेजसमोरच्या वादकांच्या खड्ड्यात आणि दिवसा काउंटरमागे. झोपेचं काय होत असेल ते तुम्हीच समजून घ्या. आमची मंडळी म्हणते, तुम्ही जागे असले तरी झोपल्यासारखेच दिसता. आता यावर काय बोलणार? बोलायलाही अंगात दम लागतो.

मामांची मान कायम डावीकडे कललेली. वर्षानुवर्षं मान आणि खांद्याच्या मध्ये टॉर्च दाबून धरल्यामुळे ती तशीच राहून गेली होती. एका हातात नाटकाची वही, दुसरा हात मोकळा. तो मोकळा हात माझ्यासाठी. गाण्याची वेळ झाली की तो हात वर जायचा आणि मी सूर धरायचो. डोळा लागला असला तर तोच हात कागदाची गोळी करून माझ्या डोक्यावर मारायचा. नेमही चांगला होता म्हाताऱ्याचा.

एका वर्षी दिवाळीच्या थोडं आधी मामा दुकानात आले. काउंटरच्या काचेत एक छोटा टॅब किती दिवसांपासून पडून होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाबू, हा घेण्यासारखा हाये का?"

हा प्रश्न ऐकून ऐकून मी विटलो आहे. लोक येतात, टॅब हातात घेतात, उलटासुलटा करतात, "किती हलका आहे ना!" म्हणतात आणि हा प्रश्न टाकतात. अरे बाबांनो, ती वस्तू ना धड मोबाईल, ना धड कॉम्प्युटर. बोलायला तुमच्याकडे मोबाईल आहेच. लिहायचं काम असेल तर त्या एवढ्याशा पाटीवर बोटं आपटून काही होत नाही. पोरांना घेऊन दिला तर काच फुटून माझ्याच टेबलावर परत येतो. दोन-तीन वर्षांत असा मंद होतो, की बटण दाबून तुम्ही चहा पिऊन यावं. शेवटी टीव्हीच्या मागे पडून धूळ खातो. दुकानदार असून मी हे तोंडावर सांगतो, म्हणून तर आमचं दुकान अजून तेवढंच आहे.

मामांनाही तेच सांगणार होतो. पण "मामा, नका..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचे ओठ "घेऊ" म्हणून मोकळे झाले होते.

मग ते स्टुलावर बसले. "एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण उजेड काही आला नाही," म्हणाले. "दुसराही जाऊन राहिला. टॉर्चनं भागत नाही आता. मालक दुसरा माणूस पाहून राहिले, मले मालूम हाये."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"खुर्ची गेली तं मी करू काय, बाबू? लोकायचं बोलणं त्यायच्या आधी बोलाचं, येवढंच येते मले. घरी असं बोललो तं तुयी मामी लाटणं घेते."

त्यावर हसावं की रडावं तेच कळेना. मी आधी त्यांना मोबाईलवर अक्षर मोठं करून दाखवलं. एका ओळीत दोन शब्द मावेनात. मग मोठा टॅब दिला. तो थोडा वेळ धरला आणि त्यांचं मनगट थरथरायला लागलं, रात्रभर कसा धरणार? शेवटी काचेतला तो छोटा काढला. तळहातावर बरोबर बसला. अंगठा लावला की पान उलटत होतं, अक्षर टपोरं दिसत होतं आणि दुसरा हात मोकळा राहत होता. मामांनी तो मोकळा हात वर केला, गाण्याचा इशारा देतात तसा, आणि दुकानात एकटेच हसले. कंपनीच्या टायपिंगवाल्याकडून सगळी नाटकं मागवून मी त्यात भरून दिली.

त्या सीझनचं पहिलं नाटक एकोडीच्या मंडईचं होतं. एकोडी म्हणजे मामींचं माहेर. मंडईला माहेरी यायचं, नाटक पाहायचं, हा मामींचा नेम. आणि दर वर्षी तिथल्या बाया त्यांना छेडत, "आपले जावई नाटकात हाये म्हणते, मंग दिसत काहून नाही? झाड होऊन उभे राहते का?" मामी हसून साजरं करायच्या. पण लग्न होऊन एवढी वर्षं झाली तरी नवऱ्याला कामावर बसलेलं त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. विंगेत अंधार. टॉर्चचा उजेड वहीवर पडायचा, माणसावर नाही.

टॅबचा उजेड माणसावर पडतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज टॅब विकायला ठेवणारा मी!

तिसऱ्या अंकात आई मरते. स्टेजवरचे दिवे मंद झाले, मी ऑर्गनवर हळू सूर धरून वर पाहिलं, तर विंगेत मामांचा चेहरा लख्ख दिसत होता. आईचं वाक्य म्हणताना चेहरा आईचा व्हायचा, मुलाचं म्हणताना मुलाचा. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा असून पुसत नव्हते. बायांची बसायची बाजू नेमकी त्या विंगेसमोर. मी मागे वळून पाहिलं, तर तिकडच्या साऱ्या बाया स्टेज सोडून विंगेकडे पाहून रडत होत्या. कोणीतरी म्हणालं, "अव, जावई हाये ना तो!" मामी मधोमध बसल्या होत्या. पदर तोंडाला लावलेला, डोळे विंगेवर.

सकाळी मालक तापले. हिरोनं तक्रार केली होती. "नाटक स्टेजवर हाये का विंगेत? लोक प्रॉम्प्टरले पाहाले तिकीट काढते का? मामा, तो उजेड तरी बंद करा, नाही तं..."

उजेड कमी केला तर मामांना अक्षर दिसेना. मग मी एक उपाय काढला. पान काळं करून अक्षरं पांढरी करून दिली. वाचता येत होतं आणि चेहरा पुन्हा अंधारात गेला. मालक खूश, हिरो खूश. मामा म्हणाले, "साजरं झालं, बाबू. आपण काय दिसाले बसतो का तिथी? आयकू आलो म्हणजे झालं." तो सीझन खुर्ची टिकली. टॅबबद्दलचं माझं मत बदललं नाही, पण मामांच्या टॅबपुरतं मी ते गिळलं.

पुढच्या वर्षी डोळा आणखी गेला. अक्षर इतकं मोठं करावं लागलं की एका पानावर जेमतेम वाक्य मावायचं. अंगठा सारखा पान उलटत राहायचा. कधी दोन पानं एकदम जायची आणि नट तोंड उघडं ठेवून विंगेकडे पाहत उभा राहायचा. मग मी उगाच ऑर्गनवर काहीतरी वाजवून वेळ भरायचो. किती दिवस भरणार? नवा माणूस कंपनीत येऊन बसायला लागला होता. कोणी त्याची ओळख करून दिली नाही, आणि कोणी मामांना काही सांगितलंही नाही. सगळे नुसते थकलेले होते.

एकोडीची मंडई आली. दुपारी आम्ही सगळे मामांच्या सासुरवाडीलाच जेवायला होतो. मामी भात वाढता वाढता मला म्हणाल्या, "भाऊ, यंदाही दिसन ना तो उजेड? आमच्या वहिनीनं आतापासून तिकडची जागा धरून ठेवली हाये."

मी ताटाकडे पाहिलं. मामाही ताटाकडेच पाहत होते. मामींना त्या काळ्या पानाचं कोणी सांगितलंच नव्हतं.

रात्री गेल्या वर्षीचंच नाटक होतं. दुसरा अंक संपल्यावर मामा चाचपडत माझ्या खड्ड्यापाशी आले आणि टॅब पुढे केला. "पांढरं करून दे."

"मामा, मालक ओरडतील."

"ओरडन," ते म्हणाले. "घरची आली हाये, बाबू."

मी करून दिलं.

आई मरायचा प्रसंग आला, दिवे मंद झाले आणि विंगेत मामांचा चेहरा उजळला. मी नीट पाहिलं. अंगठा हलत नव्हता. पान उलटत नव्हतं. वाक्यं मात्र एकामागून एक बरोबर येत होती. तो एवढा प्रसंग त्यांना तोंडपाठ होता, आणि टॅब त्यांनी वाचायला धरलाच नव्हता. कंदील धरतात तसा चेहऱ्यासमोर धरला होता. बायांच्या बाजूला मामी डोळे विंगेवर लावून बसल्या होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते येऊ दिलं. खड्ड्यात कोण पाहतं?

सकाळी गाडीजवळ चहा झाला. मालक मामांसमोर येऊन उभे राहिले. रागावले नव्हते, तेच तर अवघड होतं. माणूस वाईट नाही आमचा मालक. "मामा," ते म्हणाले, "तुमी कंपनीसाठी लय केलं. पण आता... म्हणजे उद्यापासून..." आणि अडकले. कप हातात तसाच. नट अडकतो तसे मालक अडकले, आणि सवयीनं मामांकडेच पाहायला लागले.

मामांची मान डावीकडे कलली. हळू, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं त्यांनी वाक्य दिलं.

"उद्यापासून येऊ नका, मामा."

मालकांनी ते म्हटलं नाही. कप तिथेच ठेवून गाडीत जाऊन बसले. गाडी नाकाडोंगरीला निघाली. दुसऱ्या दिवसापासून विंगेत नवा माणूस बसला. बरा आहे, चुका करत नाही, कागदाच्या गोळ्याही मारत नाही.

मामा त्या पावसाळ्यात गेले. ताप आला आणि उतरलाच नाही. मी घरी भेटायला गेलो तेव्हा मामी भिंतीशी बसल्या होत्या. मग आत जाऊन मामांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला टॅब घेऊन आल्या. रोज चार्जिंगला लावतात, म्हणाल्या. चालू कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. मी बटण दाबलं. पांढरं पान उघडलं आणि उजेड मामींच्या तोंडावर पडला.

त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी तं ह्यायले नोको म्हणत होते. आता तुमीच सांगा. हा घेण्यासारखा होता का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला, आणि माझं उत्तर कधी अडलं नव्हतं. मी तोंड उघडलं. सवयीनं मी मान वळवून बाजूला पाहिलं, कोणीतरी पुढचं वाक्य देईल म्हणून.

मामीही तिकडेच पाहत होत्या.