उजव्या बाजूचं स्टेअरिंग

माझी बायको जुबेदा आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचं फायबरचं दार पॉलिशपेपरने घासणं. आज शेजाऱ्याने पाण्याच्या टाकीला फायबर लावला, आणि त्या उग्र वासाने ओमानमधल्या रुस्ताक गावातलं आमचं गॅरेज एवढ्या वर्षांनी पुन्हा नाकात शिरलं.

स्पोर्ट्स कारचे सुटे भाग पेटीतून मागवून मी दीड वर्ष जोडत होतो. स्टेअरिंग कुठल्याही बाजूला बसवायची सोय होती. त्या संध्याकाळी दार घासून झालं नि मी ऐटीत म्हटलं, "बस आत."

ती ओमानातल्या सवयीने उजवीकडे बसली, तर समोर स्टेअरिंग!

"अवो, चालवू मी? नि तुम्ही ढकलणार काय?"

अख्खी जिंदगी ओमानात डावीकडे बसून गाडी हाकली, पण स्वतःची बांधताना हातांनी गावची, रत्नागिरीची बांधली. ती एवढी हसली की ओढणीने डोळे पुसत होती. केसांत फायबरची पांढरी धूळ.

"पोलीस पास करायचे नाहीत. बदला."

"नाही बदलणार. मला शिकवू नकोस."

"मग मी हिच्यात फिरायची कधी?"

मी फुगून घरात गेलो. तेव्हा अपमान वाटला. आता वाटतं, त्या हसण्यासाठी आणखी दहा चुका केल्या असत्या.

त्याच रात्री ती झोपेतच गेली. दुपारी दफन करून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडलं, स्टेअरिंग काढून डावीकडे बसवायला घेतलं आणि उजवीकडची तिची सीट चार बोटं पुढे सरकवली. तिचे पाय आखूड होते.