ताम्हनातलं पाणी आणि मुलीची मॉन्स्टेरा

दोन आठवड्यांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, ऑफिसच्या बससाठी निघताना मी मुलीला तिच्या झाडाचा फोटो पाठवला. टवटवीत पानं, अर्धी हिरवी, अर्धी पांढरी... फक्त तो फोटो त्या सकाळचा नव्हता. दीड महिन्यापूर्वीचा होता.

झाड म्हणजे मॉन्स्टेरा, काठीच्या आधाराने वर चढणारं, मोठ्या कातरलेल्या पानांचं. नवा रायपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं परीक्षांची तयारी करता करता मुलीने ते दोन पानांपासून वाढवलं. निकाल मनासारखे लागत नव्हते. त्या दिवसांत एखादं नवीन पान उलगडलं, की तेवढ्यापुरती ती हसायची.

मग हैदराबादला नोकरी लागली. जाताना एवढंच म्हणाली, "पप्पा, बस इसको मरने मत देना." (आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. आमच्या घरी हे असंच आहे.)

आणि ते माझ्या हातात मरत होतं.

पांढऱ्या भागांवर तपकिरी डाग, खालची पानं पिवळी, मातीला आंबूस वास, भोवती चिलटं. जागा बदलून पाहिली, खत घालून पाहिलं. रोज पूजेनंतर कुंडीसमोर हात जोडून उभाही राहिलो... बायको म्हणाली, "त्याले हात काहून जोडून राहिले? नर्सरीवाल्याले दाखवा ना." पण "हे गेलं" असं कोणाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

त्या सोमवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी नुकताच घरी पोचलो होतो.

"पप्पा, ये वाला फोटो आप तीसरी बार भेज रहे हो." मग हळूच, "मर गया क्या?"

पन्नाशीला आलेला माणूस मी, पण मान वर करवेना. सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि मातीत बोट घालायला लावलं. आत नुसता चिखल होता. पाणी किती दिवसांनी घालता, असं तिने विचारलं. मी म्हटलं, रोज.

तिने लगेच विचारलं, "पूजा वाला?"

हो... पूजेचंच. देवांना स्नान घातलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. गावात ते अंगणातल्या तुळशीला जायचं. इथे चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही. दोनदा तुळस लावली, दोन्ही वेळा गेली. मग ताम्हनातलं पाणी मुलीच्या कुंडीत जाऊ लागलं, सोमवारी अभिषेकाच्या दुधासकट. खरं सांगतो, शेंड्याला अगदी पांढरंशुभ्र पान आलं, तेव्हा मला मनातून ती कृपाच वाटली होती.

मुलीने स्क्रीनवरूनच कुठे कापायचं ते दाखवलं. खालचं खोड काळं पडून मऊ झालं होतं. वर दोन गाठी अजून टणक होत्या, प्रत्येकीला एक पान आणि हवेत लोंबणारं मूळ. तेवढे दोनच तुकडे ठेवायचे होते. शेंड्याचं ते पांढरं पान मी धरून बसलो, तर म्हणाली, "पूरा सफ़ेद वाला मत रखो पप्पा, वो अपना खाना नहीं बना पाता."

कात्री हातात, आणि हात काही पुढे जाईना. बायकोने खोड धरलं. "लय झाली पूजा," ती म्हणाली, "कापा आता."

कापलं. दोन्ही तुकडे काचेच्या बरणीत पाण्यात ठेवले.

पुढचे दोन-तीन दिवस मनाला एकच गोष्ट टोचत होती. देवाच्या पाण्याने झाड मरेलच कसं? पूजेला बसलो तरी तेच डोक्यात... मग स्वतःशी खरं बोललो. बिल्डिंगच्या गेटजवळ एक मोठा करंज आहे. पहिल्या दिवसापासून ते पाणी मी तिथे नेऊ शकलो असतो. पण सकाळी लिफ्टमध्ये लॅपटॉपच्या बॅगा घेतलेले साहेब लोक असतात आणि मी बनियन-पंच्यावर, हातात तांब्या घेतलेला... मला लाज वाटत होती. दोष पाण्याचा नव्हता. माझी लाज मी त्या कुंडीत ओतत होतो आणि तिला भक्ती म्हणत होतो.

काल सकाळी बरणी उजेडात धरली. एका तुकड्याला तांदळाच्या दाण्याएवढं नवं पांढरं मूळ फुटलेलं. दुसऱ्याला अजून नाही, पण पान ताठ आहे. लगेच फोटो काढून पाठवला. मुलीचं उत्तर आलं, "हव पप्पा, ये आज का है." आमच्या छत्तीसगडचं हे 'हव', म्हणजे हो. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मग पूजा केली. ताम्हनातलं पाणी तांब्यात भरलं आणि पंच्यावरच लिफ्टचं बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यावर एक साहेब आत आले. माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि पाणी सांडू नये म्हणून बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली... एवढंच.

खाली उतरलो आणि सगळं पाणी करंजाच्या मुळाशी घातलं.