साहेब बसणार कुठे?

आमच्या सुनेला एक खोड आहे. घरात पाहुणा यायचा म्हटलं की घर आहे तसं दाखवणं तिला जमतच नाही. ती लगेच चादर बदलणार, फाटकी उशी पलंगाखाली सारणार, कान तुटलेले कप फडताळात मागे ढकलणार. आणि येणाऱ्याने "काय, कसं चाललंय?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "छान चाललंय. काही कमी नाही." मी तिची सासू. मी तिथेच बसलेली असते आणि दात-ओठ खात हे ऐकते. काही कमी नाही म्हणे! डबे वाजवून बघ म्हणावं एकदा.

रेशनच्या दुकानात न्यायची कापडी पिशवी असते ना, तीसुद्धा ही बाई इस्त्री करून नेते. खोटं नाही सांगत. आमच्या मजल्यावर सगळे तिला 'टापटीप' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते आवडतं.

माझा लेक रंगारी. उंच उंच इमारतींना रंग द्यायचा. काम करताना मचाणावरून पडला आणि कंबर धरून बसला. आता काठी घेऊन मोरीपर्यंत जातो, परत येतो. डॉक्टर म्हणतात सुधारेल, सुधारतोयही, पण शिडीचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून आमचं घर सुनेच्या शिलाई मशीनवर चालतं. ती चेन बसवते. पँटच्या, बॅगांच्या, जॅकेटच्या तुटलेल्या चेन उसवायच्या आणि नव्या लावायच्या. चौकातला कपडेवाला गठ्ठे पाठवतो. खिडकीपाशी मशीन, आणि बसायला पत्र्याची पेटी, तिच्यावर घडी घातलेली जुनी गोधडी. दिवसभर खडखड चालू. मला आता मशीन थांबलं की जाग येते.

लेक पडला तेव्हा भेटायला माणसं आली. हिने ठेवणीतली चादर काढली, त्याला धुतलेला सदरा घातला, सगळ्यांना चहा दिला. माणसं चहा प्यायली, "छान सांभाळलंय हो तुम्ही" म्हणाली आणि आली तशी गेली. कोणी विचारलंसुद्धा नाही की बायांनो, काही हवंय का. मी चिडले. म्हटलं, "अगं, जरा तोंड उघडलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"आई, ते भेटायला आले होते. त्यांच्यापुढे काय रडगाणं गायचं?" असं म्हणून ती मशीनवर बसली. हिच्यापुढे मी केव्हाच हात टेकलेत.

बाकी बाई गुणाची आहे, उगाच कशाला नावं ठेवू. माझे गुडघे शेकून देते. नवऱ्यावर कधी आवाज चढवत नाही, आणि माझा लेक काही सरळ नाही बरं का, पडल्यापासून तर भलताच किरकिरा झालाय. नात शाळेतून आली की आधी तिला वाढणार, मग नवऱ्याला, मग मला. आणि तू? "तुम्ही जेवून घ्या, माझं झालंय." ओट्यापाशी उभ्याउभ्या खाल्लं म्हणते. मी म्हणायची, काय ही मेली घाई, दोन घास बसून खाता येत नाहीत.

तर आता कार्डाचं सांगते. सरकारी धान्याचं कार्ड. त्यावर आम्हाला महिन्याचे तांदूळ, गहू, डाळ, तेल मिळतं. ते आहे म्हणून चाललंय. नाहीतर चेन बसवून चौघांची पोटं भरतात होय? त्याची मुदत संपत आली म्हणून आम्ही दोघी कचेरीत गेलो. रांग बाहेर फाटकापर्यंत. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटेपालटे केले, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "यंदा घरी तपासणी आहे. सोमवारी सकाळी साहेब येतील. ते घर बघून लिहितील, मग कार्ड नवीन होईल."

"आणि नाही लिहिलं तर?" मी विचारलं.

"तर बंद होईल. पुढे या."

परतताना बसमध्ये मी एकच विचार करत होते, साहेब कसला असेल, तिरसट निघाला तर काय करायचं. सून खिडकीतून बाहेर बघत होती. म्हटलं, हिलाही घोर लागलाय बिचारीला. उतरलो, घराच्या जिन्यापाशी आलो, तशी ती मध्येच थांबली आणि म्हणते कशी, "आई, पण साहेब बसणार कुठे?"

मी कपाळावर हात मारला.

"अगं, पेटीवर बसेल! नाहीतर उभा राहील! तो आपली परिस्थिती बघायला येतोय, घर विकत घ्यायला नाही."

"एवढा मोठा माणूस पेटीवर बसवायचा?" ती म्हणाली. विषय संपला.

सोमवारी उजाडतं न उजाडतं तोच हिची ये-जा सुरू झाली. खालच्या न्हाव्याकडून गादीची खुर्ची आली, तीच ती, जिच्यावर तो गिऱ्हाईकं बसवतो. सोमवारी सकाळी त्याचं दुकान बंद असतं म्हणून दिली त्याने. आणि जाता जाता माझ्या लेकाची दाढी फुकट करून गेला. समोरच्या बसड्रायव्हरच्या बायकोकडून टेबलफॅन आणि सोनेरी काठाचे कप आले. तेवढ्याने भागलं नाही म्हणून तिचा टीव्हीपण आला. दोघींनी दोन बाजूंनी धरून आणला. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी गालिचा दिला. सगळ्यांना सांगितलं, दुपारपर्यंत परत करते.

माझा लेक पलंगावरून म्हणाला, "अगं, हे काय चालवलंयस? माणूस आपलं कार्ड बंद करून जाईल!"

"घरी आलेल्या माणसाचा मान ठेवला म्हणून कोणी कार्ड बंद करतं का?" ही गालिच्याच्या सुरकुत्या काढत म्हणाली. मी बोलायचं सोडून दिलं. बोलून बोलून माझाच घसा बसला असता.

सकाळ गेली. साहेबांचा पत्ता नाही. चहाचं आधण दोनदा ठेवलं, दोनदा उतरवलं. नात शाळेत गेली. दुपार झाली, कचेरीतली माणसं जेवून सुस्तावतात ती वेळ झाली, तेव्हा कुठे दारात साहेब उभे. मला वाटलं होतं, कोणी जाडजूड, मिशीवाला असेल. तर हा किडमिडा, घामाने भिजलेला, खांद्याला बॅग, आणि बुटाचा एक बंद सुटलेला. पाच जिने चढून आला होता बिचारा.

"या साहेब, बसा," सून म्हणाली आणि पंखा लावला.

साहेब खुर्चीत बसले. बरं वाटलं असणार, डोळेच मिटले त्यांनी क्षणभर. मग उघडले आणि खोली बघायला लागले. टीव्ही बघितला. पंखा बघितला. गालिचा बघितला. पलंगावर तुळतुळीत दाढी केलेला माझा लेक बघितला. बॅगेतून पाटी काढली, तिच्यावर कागद लावला आणि लिहायला लागले. लिहिताना ओठ हलत होते, "टीव्ही... मोठा... पंखा..." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून मात्र सोनेरी काठाच्या कपात चहा ओतत होती, आणि चेहऱ्यावर काय समाधान!

"बरं चाललंय म्हणायचं तुमचं," साहेब म्हणाले. "काही अडचण? धान्याची वगैरे कमतरता?"

आणि ही बया हसून म्हणाली, "छे हो साहेब. छान चाललंय. काही कमी नाही."

अगं बाई! मी तिला चिमटा काढला. लेक पलंगावर खोकायला लागला, मुद्दामच. पण साहेबांनी ते लिहूनसुद्धा टाकलं. तेव्हा कुठे हिच्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे बघितलं तिने. चेहरा पांढराफटक. आता म्हणणार तरी काय, की साहेब, हे सगळं खोटं आहे?

तेवढ्यात दारात न्हावी.

"वहिनी, तेवढी खुर्ची..." साहेबांना बघून तो चपापला. "दुकान उघडलंय. गिऱ्हाईक उभं आहे हो. अर्ध्या तोंडाला साबण लावलाय."

साहेब उठले. "तुमची खुर्ची?"

"हो, सावकाश उठा," न्हावी म्हणाला, खुर्ची डोक्यावर घेतली आणि निघून गेला. साहेब गालिच्यावर मांडी घालून बसले. तोवर समोरची आली. तिचा नवरा रात्रपाळी करून आलेला, पंख्याशिवाय त्याला झोप नाही. तिने तोंडातून ब्र न काढता पंख्याची पिन उपटली. मग नवऱ्यालाच बोलावलं. तो बनियनवर, डोळे चोळत आला आणि टीव्ही घेऊन गेला. ती मात्र थांबली. साहेबांच्या हातात कप होता ना.

"सावकाश प्या साहेब, मला काही घाई नाही," असं म्हणून डोक्यावर उभीच राहिली. साहेबांनी गरम चहा कसाबसा घशाखाली ढकलला आणि कप तिच्या हातात दिला.

शेवटी शिक्षिकाबाई आल्या. बिचाऱ्यांना लाजल्यासारखं झालं. त्यांच्याकडे शिकवणीची मुलं यायची होती, त्यांना बसायला गालिचा हवा. साहेब न सांगताच उठले. बाईंबरोबर स्वतः त्याची गुंडाळी करू लागले.

आता आमची खोली होती तशी झाली. फरशीला तडा गेलेला, भिंतीवर ओल, खिडकीपाशी मशीन. साहेब पत्र्याच्या पेटीवर बसले. सून भिंतीला टेकून उभी, पदराचा शेव बोटाला गुंडाळत. आजवर तिने आमचं घर असं कोणाला दिसू दिलं नव्हतं.

"माफ करा साहेब," ती म्हणाली. "फसवायचं नव्हतं. तुम्हाला बसायला नीट जागा असावी, एवढंच."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता ओरडणार. तर माणूस हसत होता! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"ताई," ते म्हणाले, "मी येणार म्हटलं की लोक घरातलं सामान शेजारी नेऊन ठेवतात. शेजाऱ्यांकडून आणून मांडणारं घर मी आज पहिल्यांदा बघतोय."

माझा लेकही हसायला लागला आणि कंबर धरून "आई गं" करायला लागला. मला हसू आलं नाही. माझा जीव त्या कागदात अडकला होता.

साहेबांनी तो कागद काढला. टीव्हीवर काट, पंख्यावर काट. मग पेन थांबलं. "ताई, आता परत विचारतो. काय कमी आहे?"

मी पुढे सरसावले, "अहो साहेब, मी सांगते, काय नाही ते विचा—"

"आजी, घर चालवतात त्यांना सांगू द्या."

तिने बोटावरचा पदर सोडला, परत गुंडाळला. शेवटी फरशीकडे बघत म्हणाली, "धान्य मिळतं तेव्हा भागतं. महिना संपत आला की थोडं कमी पडतं."

"मग काय करता?"

"मुलीला पुरतं. ह्यांना औषधं असतात, त्यांना उपाशी ठेवून चालत नाही. आईंनाही पुरतं." ती थांबली. "मी सांगते, माझं झालंय म्हणून."

लेकाने भिंतीकडे तोंड केलं. आणि मला सांगू का, मला रडू आलं नाही, राग आला. असा राग आला! म्हणजे ही बया आम्हालाही पाहुणे समजत होती. त्या पाहुण्यांना जे सांगायची तेच आम्हाला सांगायची, आणि आम्ही भात कालवून खात होतो.

साहेबांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग कागद तिच्यापुढे धरला, तिने सही केली. "कार्ड होईल," ते म्हणाले. "तुमच्या पडलेल्या माणसासाठी थोडं जास्तीचं धान्य बसतं, तेही मी लिहिलंय. ते आधीच मिळायला हवं होतं. मागितलं नाहीत का?"

कोण मागणार? मी तिच्याकडे बघितलं आणि तिने मान खाली घातली.

जाताना तिने साहेबांचा सुटलेला बंद दाखवला. त्यांनी पेटीवर पाय ठेवून तो बांधला आणि जिना उतरले. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच फरशीवर बसले, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो.

नवीन कार्ड त्याच महिन्यात हातात आलं. ही इस्त्रीची पिशवी घेऊन दुकानात गेली आणि येताना दोन्ही हातांत ओझं. दोन्ही हातांत! डबे भरले. तांदळाचा डबा वाजवून बघितला मी, आवाज आला नाही. लेक म्हणाला, "आई, किती वाजवशील, भरलाय तो." नात त्यावर फिदीफिदी हसली. मलाही हसू आवरेना. किती दिवसांनी घरात एवढं हसणं झालं होतं.

संध्याकाळी तिने नेहमीसारखं वाढलं. आधी नात, मग लेक, मग मी. "तुम्ही घ्या," तिने सुरुवात केली, "माझं—"

"खबरदार!" मी ओरडले. नात दचकली. "ताट घे आणि बस इथे. माझ्यासमोर. आज ओट्यापाशी उभी दिसलीस तर याद राख."

मुकाट्याने बसली बिचारी. मी वाढलं. ती हळूहळू जेवली, खाली मान घालून, कोणाकडे न बघता. ताट रिकामं झालं तरी उठली नाही. ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी बघत होते.

"आई," शेवटी ती म्हणाली, "अजून थोडा भात वाढता का? मला कमी पडलाय."

मी सगळं पातेलंच तिच्यापुढे सरकवलं.