तिसरं तेल

आमच्या भाऊजींना त्यांच्या प्रयोगशाळेत सगळे ‘थांबासाहेब’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि माझा अंदाज असा की मनातून आवडतंही. जन्मभर त्यांनी गाड्यांच्या इंजिनातलं तेल तपासलं. बाटली आली की ते ती हलवतात, उजेडाकडे धरतात, थेंबभर तेल बोटांत चोळून बघतात आणि मग यंत्रात घालतात. यंत्र ते तेल जाळून त्यात लोखंड किती, तांबं किती, धूळ किती हे आकड्यांत सांगतं. नवी कोरी गाडी घेतलेला माणूस ते आकडे बघून हबकतो. कालपरवा घेतलेली गाडी, आणि तेलात एवढं लोखंड? मग भाऊजी चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, थांबा. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून जागेवर बसत असतात, त्यांचा कीस तेलात उतरतो, पहिलं तेल असंच येणार. दुसऱ्यात कमी होईल, तिसऱ्यात बघू. तिसरं तेल हातात येईपर्यंत ते इंजिनाबद्दल वाईट बोलत नाहीत आणि दुसऱ्याला बोलू देत नाहीत.

घरीही तोच खाक्या. नळ गळतोय, थांबा. शेजारी भांडतोय, थांबा. माझी ताई वैतागायची. म्हणायची, तुमच्या इंजिनांना तोंड नाही म्हणून तुमचं निभतंय. ताई गेली तेव्हा भिंगरी शाळेत होती. भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची. घटकाभर एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव. भाऊजींनी तिला एकट्याने वाढवलं आणि उत्तम वाढवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे.

भिंगरीचं लग्न झालं आणि महिन्याभरात ती माहेरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने सांगितलं की नवरा तिच्याशी बोलत नाही. ओरडत नाही, भांडत नाही, काही मनाविरुद्ध झालं की बोलणंच बंद करतो, आठवडा आठवडा. आणि ही, कशाबद्दल ते न कळता, माफी मागत त्याच्या मागे मागे फिरते. भाऊजी संत्रं सोलत होते. त्यांनी अर्धं संत्रं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “थांब बाळा. नवीन आहे सगळं. थोडी घासाघासी होणारच. बसेल हळूहळू.”

हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि तेही कौतुकाने, आपण किती शहाणपणाचं बोललो म्हणून.

ती परत गेली. पुढच्या भेटीत तक्रार नव्हती. कसं चाललंय विचारलं की छान म्हणायची, आणि जेवून, ताटं घासून, वेळेवर निघायची. भाऊजींनी मला फोन केला. बसलं बघ, म्हणाले. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की मीही खुशीत आले.

आता मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. तेलाच्या बाबतीत हा माणूस असल्या आकड्याला कधीच फसला नाही. पहिल्या तेलात लोखंड भरपूर आणि दुसऱ्यात एकदम नाहीसं, असं दिसलं की भाऊजी बाटलीकडे चोराकडे बघावं तसं बघतात. इंजिन बसायला वेळ लागतो, आकडा हळूहळू उतरतो. एका फटक्यात उतरला, म्हणजे तपासणीच्या आधी कुणीतरी ताजं तेल ओतलंय. एका ड्रायव्हरला त्यांनी असंच पकडलं होतं. मालकाची कटकट नको म्हणून त्याने गुपचूप तेल बदललं होतं. भाऊजींनी त्याला समोर बसवून, चहा पाजून, सगळं वदवून घेतलं. हाताखालच्या लोकांना ते अजून शिकवतात, की वाईट आकड्याला भिऊ नका, एकाएकी गुणी झालेल्या आकड्याला भ्या. आणि पोटची पोर एका भेटीत रडण्यावरून ‘छान’वर आली, तेव्हा यांना काही म्हणजे काही खटकलं नाही. त्या ड्रायव्हरला पाजला तेवढा चहा तिला पाजला असता तरी पुरलं असतं.

काही वर्षांनी एका दुपारी भिंगरी माझ्या दारात उभी राहिली. पायात घरातल्या सपाता, हातात काहीच नाही. नवरा कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून किल्ली घेऊन जात असे, आणि हे फार दिवस चाललं होतं. त्या दिवशी तो विसरला. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, अगं, बाबांना का नाही सांगितलंस?

“सांगितलं होतं ना, मावशी,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच सांगितलं होतं.”

भाऊजी आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत या, आत या, असं मी किती वेळा म्हटलं असेल. भिंगरीनेच शेवटी त्यांची पिशवी घेतली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

लग्न मोडलं. भिंगरीने दुसऱ्या गावी नोकरी धरली, दोन खोल्या घेतल्या. बापाला नियमाने फोन करते, औषधं घेतली का विचारते, कधी वाकडा शब्द नाही. स्वतःबद्दल विचारलं की छान. भाऊजींना आता त्या शब्दाची धास्ती बसली आहे. नोकरी गेली, ताप आला, घरमालक छळतो, काहीतरी वाईट तिने एकदा आपणहून सांगावं, एवढीच त्यांची इच्छा उरली आहे. देवाकडे असलं मागणं मागणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

यंदा तिने गाडी घेतली. तेल मी तपासणार, असं भाऊजींनी फोनवरच जाहीर केलं, आणि ती चक्क आली. पहिल्या खेपेला दोघांनी मिळून बारीक नळीने तेल ओढलं, थोडं त्यांच्या शर्टावर सांडलं, आणि ती मोठ्याने हसली. दुसऱ्या खेपेला जेवायला थांबली. भाऊजी दिवस मोजायला लागले.

तिसऱ्या खेपेला मीही प्रयोगशाळेत होते. आकडे पायरी पायरीने उतरले होते, उतरायला हवे तसे. भाऊजींनी ते तिला दाखवले. मग चष्मा काढून हातात धरला.

“बाळा, तेव्हा तू सांगत होतीस आणि मी तुझं ऐकलंच नाही. चुकलं माझं. आता काही असलं तर मला सांगत जा. वाईट असलं तरी.”

भिंगरीने टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

“सवय मोडली आहे, बाबा. एकदम नाही जमणार.”

ती पर्स घेऊन उठली. दारापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली.

“पुढचं तेल कधी आणू?”

भाऊजींचा चेहरा उजळला. आपल्याला येणारा प्रश्न विचारला गेला, म्हणून. “छे, आता वर्षभर बघायलाच नको! इंजिन उत्तम बसलंय. उगाच कशाला हेलपाटा घालतेस?”

“बरं,” ती म्हणाली आणि गेली.

भाऊजी टेबल पुसू लागले, समाधानाने. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी म्हटलं, “भाऊजी, ती तेलाचं विचारत नव्हती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फडकं हातातच राहिलं आणि ते जिन्याकडे धावले, त्या वयात, कठडाही न धरता. मी खाली पोचले तेव्हा ते फाटकापाशी उभे होते आणि रस्त्यावर गाडी नव्हती.