वरच्या मजल्यावरची सुनंदा

एकोणीस वर्षं सुनंदा दवाखान्याच्या प्रसूतीच्या खोलीत नर्स म्हणून राबली. गुडघे गेले, तेव्हा तिनंच अर्ज केला: मला वर डायलिसिसला टाका. तिथं बसायला मिळतं, रातपाळी नाही. अर्ज मंजूर झाला आणि त्याच दिवसापासून बाईच्या पोटात आग पेटली.

कारण खाली तिच्या जागी चैताली आली. सुनंदानंच हाताला धरून शिकवलेली. आता पोर झालं की दाराबाहेर जाऊन बातमी चैताली सांगायची, नि पेढ्याचा नाहीतर जिलेबीचा पहिला पुडाही तिच्याच हातात पडायचा. अख्ख्या कोसाड गावातल्या गुजराती बाया विचारत यायच्या, "चैतालीबेन क्यां छे?" सुनंदाबेन कुठं गेली, असं एकीनंही विचारलं नाही.

चैताली पुडा घेऊन वर यायची. "ताई, मुलगी झाली. जिलेबी घ्या ना."

"शुगर आहे मला," सुनंदा म्हणायची. शुगर कसली, मिरची खाल्ल्यासारखं व्हायचं तिला.

आणि वर तिला विचारत होतं कोण? आठवड्यातून तीनदा येणारा उखाभाऊ, कापडाच्या लूमवर म्हातारा झालेला खानदेशी माणूस, तिला बघताच सुई टोचायचा हात मागं घ्यायचा. "बाई, तू बायांनी सिस्टर शे. माले दीपकच जोयजे."

बायकांची सिस्टर नको, दीपकच पाहिजे! हा दीपक डायलिसिसचा टेक्निशियन. सव्वीस वर्षांचा, केसांना जेल. सुनंदाला या पोराचाही मत्सर वाटायला लागला होता. त्यात एकदा उखाभाऊ पाणी मागतो म्हणून तिनं जुन्या सवयीनं अख्खी बाटली त्याच्या हातात दिली. बाळंतिणीला कसं, पी बाई, भरपूर पी! दीपकनं बाटली हिसकावली.

"बेन, मी याच्या अंगातून दोन किलो पाणी काढायला बसलोय, तुम्ही वरून भरताय! बाळंतपण खाली."

सगळे पेशंट हसले. सुनंदा त्या दिवशी जेवली नाही.

मग एका मंगळवारी उखाभाऊचा हात सुजून आला. डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली नस आत दडलेली. दीपकनं एकदा टोचलं, हुकलं. दुसऱ्यांदा टोचलं, म्हातारा कळवळला. दीपकच्या कपाळावर घाम.

"सरक," सुनंदा म्हणाली.

तिनं डोळे मिटले आणि दोन बोटं हातावर ठेवली. एकोणीस वर्षं डोळ्यांना न दिसणारं ती बोटांनीच पाहत आली होती. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, डोकं कुठं वळलं. सुजेच्या खाली, थोडी डाव्या अंगाला, नस मांजरीसारखी घुरघुरत होती. सुई गेली. नळीत रक्त चढलं. दुसरी सुईही गेली.

उखाभाऊनं तोंडावर धरलेला दुसरा हात काढला. "टोची बी लिधं?" कधी टोचलं ते त्याला कळलंच नव्हतं.

गुरुवारी आल्याआल्या त्यानं दीपकसमोर हात मागं घेतला. "आज माले सुनंदाबाईच जोयजे."

दीपक ट्रेमधल्या पट्ट्या उगाच इकडच्या तिकडं लावत बसला. सुनंदानं त्याचं तोंड निरखून पाहिलं. ओळखीचं होतं ते. बरंही वाटलं तिला, खोटं कशाला सांगा.

दुपारी चैताली पुडा घेऊन आली. सुनंदानं एक अख्खी जिलेबी उचलली. "चैताली, आज माझं नाव घेऊन बोलावलं बरं का एकानं."

पण खालून हाक आली आणि चैताली न ऐकताच, पुडा तिथंच ठेवून पळाली. मग तो पुडा सुनंदानं दीपकपुढं धरला.

"शुगर आहे मला," दीपक म्हणाला.